चाचा कोण? एका गेमचा परवाना आणि कान्होजींचं दस्तक

शिरवण्याहून, नेहमीच्याच खोलीतून. मागून सायन-पनवेल हायवेची घरघर ऐकू आली तर ती आमच्याकडची समुद्राची गाज समजा. (हा भागाचा लिखित उतारा आहे. बोलताना फुटलेले फाटे थोडे छाटलेत, सगळे नाही.)

मागच्या भागात मी ओघात सांगून गेलो की रात्री ऑफिसचा लॅपटॉप मिटला की मी ईव्ह ऑनलाइन नावाच्या गेममध्ये चाचा असतो. चाचा म्हणजे काका नव्हे, समुद्री चाचा. इथे समुद्राच्या जागी अंतराळ, एवढाच फरक. त्यावर बरेच मेसेज आले. बहुतेकांना गेमबद्दल कुतूहल होतं, पण एकानं वेगळंच विचारलं: "इंग्रज आपल्या कान्होजींना आयुष्यभर पायरेट म्हणत राहिले, आपण ते खोडून काढता काढता थकलो, आणि तू हौसेनं पायरेट होतोस?"

प्रश्न खोचक आहे, पण चांगला आहे. आजचा अख्खा भाग त्यावरच. आधी गेम समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं लागणार नाही.

ईव्ह ऑनलाइन हा २००३ साली आइसलँडच्या सीसीपी या कंपनीनं काढलेला गेम. हजारो सूर्यमाला आहेत, आणि एका सूर्यमालेतून दुसरीत जायचं तर बहुतेकांना ठरलेल्या गेटमधूनच जावं लागतं. प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षिततेचा एक आकडा असतो. ०.५ आणि त्याच्या वर असेल तर तिथे कॉन्कॉर्ड नावाचे पोलीस असतात. ते तुम्हाला वाचवतीलच असं नाही, पण तुमच्यावर नाहक हल्ला करणाऱ्याचं जहाज ते नक्की फोडतात. ०.४ ते ०.१ या पट्ट्यात पोलीस येत नाहीत. गेटवरच्या तोफा हल्लेखोरावर मारा करतात, आणि तुमच्या नावावर नोंद होते. ०.० म्हणजे रान मोकळं.

ती नोंद महत्त्वाची. प्रत्येक खेळाडूचाही एक आकडा असतो, उणे दहापासून अधिक दहापर्यंत. तुम्ही नको तिथे हल्ले केले की तो उतरत जातो. उणे पाचला पोचलात की तुम्ही गुन्हेगार. मग सुरक्षित पट्ट्यातसुद्धा तुम्हाला कुणीही मारावं, मारणाऱ्याला शिक्षा नाही. आमच्या टोळीतले बहुतेक जण उणे पाचच्या खाली आहेत. मीही.

आता आमचा धंदा कसा चालतो बघा. दोघं-तिघं गेटजवळ थांबतात. एक हलकं, वेगवान जहाज पुढे असतं. त्याचं काम फक्त सावजाला धरून ठेवणं, म्हणजे त्याला पळता येऊ नये. याला टॅकल म्हणतात. मोठी जहाजं मागून येतात. मग आम्ही मारत नाही. मेसेज करतो: इतके इस्क दे आणि जा. इस्क म्हणजे गेममधला पैसा. जहाज फोडलं तर आतल्या मालातला साधारण निम्माच हाती लागतो, उरलेला जहाजाबरोबर नष्ट होतो. त्यामुळे खंडणी आमच्याही फायद्याची आणि त्याच्याही.

आमच्या टोळीचा एक नियम आहे: पैसे घेतले की सोडायचं. लाख मोह झाला तरी. हा काही आमचा चांगुलपणा नाही. पैसे घेऊन मारणाऱ्या टोळीचं नाव दोन दिवसांत पसरतं, आणि मग कुणी दमडी देत नाही. सगळे म्हणतात, मारणारच आहेस तर मार. चाच्याचं खरं भांडवल जहाज नसून त्याचा शब्द असतो, हे मला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकाआधी या गेमनं शिकवलं.

याच गेममध्ये २०१२ साली एक गंमत झाली. जेम्स ३१५ असं नाव घेतलेल्या एका खेळाडूनं जाहीर केलं की सुरक्षित पट्ट्यात खाणकाम करणाऱ्या प्रत्येकानं आमच्याकडून परवाना घ्यायचा. वर्षाला एक कोटी इस्क, जे गेमच्या हिशेबानं किरकोळ. परवाना नसेल तर आम्ही तुमचं जहाज फोडणार. पोलीस आमचंही फोडतील, हरकत नाही, आमची जहाजं स्वस्त आहेत. त्यांनी याला 'न्यू ऑर्डर' नाव दिलं, आचारसंहिता लिहिली, आणि वर्षानुवर्षं हे चालवलं. बाकीच्या खेळाडूंनी याला खंडणी म्हटलं. ते स्वतः याला कायदा म्हणत.

हसू येतं ना? थांबा. कारण आता आपण सोळाव्या शतकात, आपल्याच किनाऱ्यावर येतोय.

पोर्तुगीज इथे आल्यावर त्यांनी नेमकं हेच केलं. हिंदी महासागरात जाणाऱ्या प्रत्येक जहाजानं आमचा 'कार्ताझ' घ्यायचा, म्हणजे परवाना. तो घेतला की ठरलेल्या पोर्तुगीज बंदरात थांबायचं आणि जकात भरायची. नसेल तर जहाज, माल, सगळं जप्त. हा समुद्र त्यांना कुणी दिला होता? कुणीच नाही. तोफा लादलेली जहाजं होती, म्हणून दिला असं धरलं. मक्केला यात्रेकरू नेणाऱ्या मुघल बादशहाच्या जहाजांनाही कार्ताझ लागायचा. आणि गंमत म्हणजे तो असूनही भरवसा नव्हता: १६१३ मध्ये पोर्तुगिजांनी 'रहिमी' हे जहाज धरलं, आणि ते कुणाचं होतं, तर जहांगिराच्या आईचं.

पुढे डच आले, इंग्रज आले, त्यांनीही पास विकायला सुरुवात केली. जंजिऱ्याचा सिद्दी होताच. म्हणजे सतराशेच्या सुमाराला सुरतेहून कोचीला निघालेल्या व्यापाऱ्याची स्थिती अशी की एकाच रस्त्यावर चार टोलनाके, चौघांचे मालक वेगळे, आणि प्रत्येक जण सांगतोय की बाकीचे तिघे लुटारू आहेत. आमच्या गेममध्ये निदान कॉन्कॉर्ड एकच आहे.

या गर्दीत कान्होजी आंग्रे येतात. सिधोजी गुजरांनंतर, १६९८ मध्ये, मराठ्यांचं आरमार त्यांच्या हाती आलं. 'सरखेल' हा त्यांचा किताब; मूळ फारसी, सर-ए-खैल, तुकडीचा प्रमुख. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी त्यांच्यावर पाठवलेला पेशवा बहिरोपंत पिंगळे यालाच त्यांनी कैद करून ठेवलं होतं. मग बाळाजी विश्वनाथ गेले, बोलणी झाली, कान्होजी शाहूंच्या बाजूला आले आणि सरखेली कायम झाली. म्हणजे दौलतीतला माणूस, हुद्द्यासकट. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग: किल्ल्यांची माळ त्यांच्याकडे.

आणि त्यांनी पाचवा नाका सुरू केला. दस्तक. कोकणच्या दर्यात जायचं तर सरखेलांचं दस्तक घ्या.

इंग्रजांशी भांडण इथून पेटलं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण शाळेत आपल्याला फक्त लढाया शिकवतात. इंग्रजांचं म्हणणं: आमच्या झेंड्याखालच्या जहाजाला कुणाचं दस्तक लागत नाही. कान्होजींचं म्हणणं साधारण असं: कंपनीचं स्वतःचं जहाज, स्वतःचा माल, ठीक. पण इथल्या व्यापाऱ्यांची जहाजं तुमचा झेंडा लावून आमच्या दारावरून फुकट जातात, ते चालणार नाही. आयटीतल्या लोकांना हे लगेच कळेल. एका लायसन्सवर अख्ख्या बिल्डिंगनं सॉफ्टवेअर चालवायचं, आणि विक्रेत्यानं हरकत घेतली की त्यालाच चोर म्हणायचं.

नाका असला की तो चालवावाही लागतो. तो कसा चालायचा ते मला या सगळ्यात सर्वांत आवडतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र बंद. शिरवण्यापासून जवळच्या सारसोळ्याच्या कोळ्यांना विचारा, नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय होडी निघत नाही. मग हंगाम सुरू. शिडाची जहाजं किनाऱ्याला धरून जायची, कारण रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा. दोन्हींचा फायदा घ्यायचा तर किनारा सोडून लांब जाता येत नाही. आणि किनाऱ्याला काय आहे? दर काही मैलांवर खाडी. खाडीच्या तोंडाशी किल्ला. म्हणजे गेटच की! अख्ख्या समुद्रात शोधत फिरायची गरज नाही, सावज तुमच्या दारावरूनच जाणार.

आंग्र्यांच्या आरमाराची मुख्य जहाजं दोन जातींची. गुराब हे मोठं, दोन-तीन डोलकाठ्यांचं, पुढे निमुळतं, नाळेवर पुढच्या दिशेनं डागायच्या तोफा. गलबत हे लहान, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. दोन्हींचा तळ उथळ, त्यामुळे जिथे विलायती जहाज रुतेल तिथे ही आरामात जातात. वारा पडला की मोठं विलायती जहाज समुद्रावर खिळल्यासारखं उभं राहायचं. मग गलबतं वल्ही मारत निघायची, गुराबांना दोरानं ओढत न्यायची, आणि जहाजाच्या पिछाडीला आणून उभी करायची. जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना. मागे जवळजवळ काही नाही. तिथून डोलकाठ्या आणि शिडं फोडायची, जहाज पांगळं झालं की वर चढायचं. १७३५ मध्ये कान्होजींचा मुलगा संभाजी यानं 'डर्बी' हे कंपनीचं मोठं व्यापारी जहाज याच पद्धतीनं धरलं.

टॅकल आठवला? हलकं जहाज पुढे, जड जहाज मागे, शत्रूच्या तोफा पोचत नाहीत त्या कोनातून मारा. आमच्या टोळीत पोलंडचा एक जण आहे; त्याला मी एकदा हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, हा माणूस आज असता तर आमच्याकडे घेतला असता. मी म्हटलं, आपल्याला त्यानं घेतलं असतं का ते विचार.

इंग्रजांनी हा नाका मोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर असताना १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला झाला, फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर, फसला. १७२० मध्ये विजयदुर्गासाठी खास तरंगती तोफशाळा बांधून नेली, तिचाही उपयोग झाला नाही. (टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला टाकलं की असं होतं.) १७२१ च्या डिसेंबरात इंग्लंडहून आलेला कमोडोर मॅथ्यूज, इंग्रज फौज आणि पोर्तुगीज फौज असे सगळे मिळून कुलाब्यावर आले. तिकडून बाजीराव पोचले, आणि पोर्तुगिजांनी परस्पर तह करून टाकला. इंग्रज हात हलवत परतले.

अलिबागला गेलात तर ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. मी गेलोय. परतताना घोडागाडीवाला घाई करतो, भरती लागेल म्हणून. एवढ्या लोकांनी एवढी वर्षं प्रयत्न करून जो घेतला नाही त्याच्या दारात आपण गुडघाभर पाण्यातून चपला हातात घेऊन जातो, याची मला मजा वाटते.

तर आता मूळ प्रश्न. कान्होजी चाचे होते का?

गेममध्ये याचं उत्तर सर्व्हर देतो. माझा आकडा उणे सात म्हणजे उणे सात. मला तो मान्य, माझ्या सावजालाही मान्य, वाद नाही. इतिहासात तसा सर्व्हर नव्हता. नोंदवह्या होत्या, आणि ज्या नोंदवह्या जगभर छापल्या गेल्या त्या लिहिणारा त्या नाक्यावर पैसे न देणारा पक्ष होता. १७३७ मध्ये लंडनला क्लेमंट डाउनिंगचं पुस्तक निघालं, त्याच्या लांबलचक शीर्षकातच आंग्रे 'पायरेट'. १९०७ मध्ये बिडल्फचं 'द पायरेट्स ऑफ मलबार'. एकानं शिक्का मारला की पुढचा तोच उचलतो.

हा शिक्का किती सैल असतो त्याचं एक उदाहरण इंग्रजांच्याच घरातलं. विल्यम किड नावाचा कप्तान. इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन फ्रेंच जहाजं पकडायला निघाला. १६९८ च्या जानेवारीत मलबारच्या किनाऱ्याजवळ त्यानं 'केदाह मर्चंट' हे जहाज धरलं. जहाज आर्मेनियन व्यापाऱ्यांचं, पण त्यावर फ्रेंच पास होता. किडचं म्हणणं, फ्रेंच पास म्हणजे शत्रूचं जहाज, मी कायदेशीर काम केलं. खटल्यात त्याला ते पास दाखवायचे होते. ते सापडेनात. २३ मे १७०१ ला त्याला लंडनमध्ये चाचा म्हणून फाशी दिलं. ते पास पुढे विसाव्या शतकात लंडनच्याच सरकारी दफ्तरात सापडले. त्या पासांनी तो सुटलाच असता असं मी म्हणत नाही, त्याच्यावर एका खलाशाच्या खुनाचाही आरोप शाबीत झाला होता. पण कागद गहाळ झाला आणि त्याची बाजूच उरली नाही.

कान्होजींना हे नीट कळत होतं. १७२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स यानं त्यांना पत्रातून चाचेगिरीवरून सुनावलं, तेव्हा त्यांनी दिलेलं उत्तर इंग्रजी भाषांतरात टिकलंय. त्याचा आशय असा: दुसऱ्याचं आपल्याकडे यावं ही इच्छा व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, ही जगाची रीतच आहे, आणि आमचं राज्य जोरजबरीवर उभं आहे असं व्यापाऱ्यांनी म्हणू नये, कारण शिवाजी महाराजांनीही चार पातशाह्यांशी लढूनच राज्य उभं केलं. मी कुठल्याही अर्थानं साधू आहे असा दावा त्यात नाही. दावा एवढाच की मी राज्य आहे.

इथे मला माझं मत मांडायचंय, आणि ते दोन्ही बाजूंना थोडं टोचेल. कान्होजी चाचे नव्हते हे खरं, पण 'ते आपले होते' हे त्याचं कारण नव्हे. 'त्यांच्याकडे हुद्दा होता' हेही पुरत नाही; हुद्दा किडकडेही होता. मला वाटतं कसोटी परवान्याची आहे. परवाना विकणाऱ्यावर काही बंधन येतं का? आमच्या टोळीनं पैसे घेऊन सोडलं की आमची जबाबदारी संपली. पुढच्या गेटवर दुसऱ्या टोळीनं धरलं तर तुझं तू बघ. न्यू ऑर्डरचंही तेच, परवाना फक्त त्यांच्यापासून संरक्षण. दस्तकाचं गणित वेगळं. ते घेतलेल्या जहाजाला दर वर्षी पुन्हा याच किनाऱ्यानं जायचं असे, आणि सरखेलांना पुढच्या वर्षीही तेच जहाज जिवंत हवं असे, कारण आरमार आणि किल्ले त्या पैशावर पोसले जात. किनारा त्यांचा होता, खाडीतली बंदरं त्यांची, तिथली रयत त्यांची. आम्हाला कंटाळा आला की आम्ही दुसऱ्या सूर्यमालेत जातो. ते कुठे जाणार होते?

म्हणून त्या मेसेजवाल्या मित्राला माझं उत्तर: मी गेममध्ये कान्होजी होत नाही. मी खरोखरचा, निखळ चाचा होतो. त्यामुळेच तर दोघांतला फरक मला दिसतो.

आणखी एक फरक आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जायला नको. ४ नोव्हेंबर १७१२ ला मुंबईचा गव्हर्नर विल्यम एसलाबी याचं सशस्त्र यॉट कारवारकडे निघालं होतं. त्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाउन आणि त्याची बायको कॅथरिन. वय विशीच्या आत, आधीच एकदा विधवा झालेली. आंग्र्यांच्या गुराबांनी जहाज धरलं. चाउन मारला गेला, कॅथरिन कैदेत गेली. १७१३ च्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये खंडणी भरून इंग्रजांनी तिला आणि इतरांना सोडवलं. पैसे मिळाले, कैदी सुटले. शब्द पाळला गेला. पण गेममध्ये मेलेला माणूस पाच सेकंदांत नव्या शरीरात जागा होतो, शिवी देतो, आणि नवं जहाज विकत घेतो. चाउन जागा झाला नाही. कॅथरिन गोरी होती, कंपनीची होती, म्हणून तिच्यावर अर्धं पुस्तक आहे. त्या जहाजांवर दोन्हीकडून जे खलाशी मेले, त्यातले कितीतरी आपल्याच किनाऱ्यावरचे असणार, त्यांची नावं मी वाचलेल्या पानांत तरी कुठेही नाहीत. आंग्र्यांचा अभिमान जरूर बाळगावा, मीही बाळगतो. पण 'इंग्रजांची कशी जिरवली' म्हणताना ते खलाशीही त्याच पाण्यात होते हे मला विसरता येत नाही.

गेममध्ये आणखी एक सोय आहे. २०१३ पासून तुम्ही काही बिल्ले आणि वर इस्क कॉन्कॉर्डकडे जमा केले की तुमचा आकडा पुन्हा वर चढतो. पैसे भरले, चाचा संपला, सज्जन सुरू. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा गेम बनवणाऱ्यांचा आळशीपणा वाटला होता. मग १७५६ बद्दल वाचलं.

कान्होजी ४ जुलै १७२९ ला गेले. मुलांमध्ये भाऊबंदकी माजली, दौलत कुलाबा आणि विजयदुर्ग अशी फुटली. विजयदुर्गाचा तुळाजी पेशव्यांना जुमानेना, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. ते शहाणपणाचं होतं का, हा वेगळ्या भागाचा विषय, आणि त्यावर तुम्ही मला झोडपणार हे माहीत आहे. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले.

निघण्याआधी मुंबईत या अधिकाऱ्यांची बैठक झाली. विषय काय, तर लुटीत कुणाला किती वाटा. क्लाइव्हला किती मिळावा यावर वाद झाला. किल्ला अजून घ्यायचाय! मग तोफा डागल्या, आंग्र्यांच्या जहाजांना आग लागली, आणि एकाला एक बांधून उभं असलेलं आरमार त्या खाडीत जळून गेलं. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपये सापडले. ते इंग्रजांनी आपसात वाटून घेतले. पेशव्यांना छदाम नाही. किल्लाही लगेच दिला नाही, ऑक्टोबरात तह झाला तेव्हा दिला, आणि बाणकोट स्वतःकडे ठेवलं.

या रकमेला इंग्रजी कायद्यात स्वतंत्र शब्द आहे, 'प्राइझ मनी'. रीतसर वाटप, हुद्द्याप्रमाणे. चाचेगिरी कुणी म्हटलं नाही. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला आणि कैदेतच मेला. जेम्स इंग्लंडला परतून सर विल्यम झाला. तो वारल्यावर त्याच्या बायकोनं १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा बांधला, तो आजही उभा आहे. नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. इंग्रजांच्या जिभेनं चावलेला आपला सुवर्णदुर्ग. लंडनला कुणी श्रोते असतील तर एक फोटो पाठवा, या भागाला लावू.

पुढच्या भागात जंजिरा. सिद्दीवर बोलायचं बरेच दिवस टाळतोय, आता टाळत नाही. भेटू.